गॉगलच डोळ्यात गेला

डॉक्टर मॅडमनी माझ्याकडं कामाला असलेल्या पोराच्या डोळ्यात पिवळ्या औषधाचा थेंब टाकला, निळा उजेड लावला आणि मला म्हणाल्या, "या, बघा." बुबुळावर हिरवी चमकणारी एक रेघ होती, भाताच्या तुसाएवढी. मी म्हणालो, "लोखंडाचा कण असेल मॅडम, ग्राइंडर मारत होता." त्यांनी पापणीच्या आतून काढलेला तुकडा कापसावर ठेवून माझ्यापुढं धरला. तो काळा नव्हता. आरपार दिसत होता. "हे लोखंड नाही, प्लॅस्टिक आहे. डोळ्यावर काय होतं याच्या?"

डोळ्यावर गॉगल होता. मीच आणलेला, आणि मीच दम देऊन घालायला लावलेला.

माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, कोल्हापूरजवळ, शिरोली एमआयडीसीच्या अलीकडं. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याची कामं. दोन मिस्त्री आणि पाच-सहा पोरं. खोटं कशाला बोलू, कित्येक वर्षं आमच्याकडं सेफ्टी म्हणजे डोळे बारीक करून ग्राइंडर मारायचा आणि ठिणगी पायावर पडली की स्लीपर झटकायची. गेल्या वर्षी एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, शेडचं काम मिळालं. तिथं गेटवर नियम कडक होता. बूट, गॉगल, हातमोजे, मास्क नसेल तर माणूस आत घेत नाहीत. आठ जणांचे सेट हवे होते, तेही दोन दिवसांत.

नेहमीच्या दुकानात सेटला २२०० च्या आसपास भाव निघाला. आठ सेटचे साडेसतरा हजार. त्या कामात मला सुटणार होते किती, ते मलाच माहीत. मग कुणीतरी दुसरं दुकान सांगितलं. मालक गोड बोलणारा. "दादा, तोच माल आहे. कंपनीत दुसऱ्या शिफ्टला निघतो, त्यावर जाहिरातीचा खर्च नसतो. ११५० ला सेट देतो." दुसऱ्या शिफ्टचा माल! हे ऐकून मी तिथंच हसायला पाहिजे होतं. मी मान डोलावली. "पक्कं बिल करू का? केलं तर रेट वाढतो बघा." राहू दे म्हणालो. एस्टिमेटच्या चिठ्ठीवर त्यानं लिहून दिलं : 'सेफ्टी आयटम, ८ सेट, ९२००'. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. वर स्कीम म्हणून कटिंग व्हीलचं एक पाकीट फुकट, पंचवीस चाकांचं. मी खुशीत घरी आलो.

माल दिसायला झकास होता. गॉगलच्या खोक्यावर 'पॉलिकार्बोनेट' म्हणजे सहज न तुटणारं प्लॅस्टिक, 'ईएन १६६' हे गॉगलचं युरोपियन मानक, युरोपचीच 'सीई' खूण, सगळं छापलेलं. बुटाच्या जिभेवर आयएसआयचा शिक्का. हातमोज्यांवर ढालीचं चित्र आणि खाली आकडे. फाउंड्रीच्या गेटवर वॉचमननं पाय बघितले, डोळे बघितले, आत सोडलं. तीन आठवडे काम झालं, पैसेही आले.

अपघात झाला तो आमच्याच शेडमध्ये. पोरगा चाळीस बाय चाळीसची स्क्वेअर ट्यूब कापत होता. चार इंची ग्राइंडर, वर स्कीममधलं चाक. गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, काढलेला होता. हो, काढलेला. कोपऱ्यात हात पोचत नाही म्हणून आमच्याकडं सगळ्या ग्राइंडरचे गार्ड काढून एका डब्यात पडलेले असायचे, आणि ती चूक दुकानदाराची नाही. चाक ट्यूबमध्ये अडकलं, फट्‌ असा आवाज आला आणि पोरगा तोंड धरून खाली बसला. भुवईवर तीन टाके पडले. बुबुळावर ओरखडा. मॅडम म्हणाल्या, चार-पाच दिवसांत भरेल, नशीब चांगलं. नशिबाचा भाग होताच, पण पुढचे पाच दिवस मला झोप आली नाही.

त्या रात्री फुटलेला गॉगल घेऊन बसलो. काच, म्हणजे प्लॅस्टिकच ते, शाळेतली कंपासपेटीची पट्टी मोडते तशी मोडली होती. कडा धारदार, कपच्या सुट्या. मिस्त्रीमामांनी एक कपची पकडीत धरली आणि लायटर लावला. मेणबत्तीसारखी शांत पेटली, लायटर बाजूला घेतला तरी जळत राहिली, गोडसर वास. मामा म्हणाले, "हे ॲक्रेलिक. दुकानाच्या पाटीला लावतात ते." दुसऱ्या दिवशी नेहमीच्या दुकानातून एक खरा गॉगल आणला आणि मुद्दाम त्याची वाट लावली. काच पकडीत धरून दुमडली तर वाकली, घडीवर पांढरी पडली, पण तुटली नाही. तुकडा कापून पेटवला तर काळा धूर सोडला आणि लायटर काढल्यावर विझला. पॉलिकार्बोनेट असं वागतं. (हे घरात करू नका, धूर वाईट असतो.) त्या खऱ्या गॉगलची किंमत १४० रुपये होती. मी गॉगलमागं वाचवले होते ऐंशी.

मग मी वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की मी खोकं वाचलं होतं, गॉगल वाचलाच नव्हता. ईएन १६६ च्या खऱ्या गॉगलवर खुणा काचेवरच असतात, कोपऱ्यात बारीक, कोरलेल्या किंवा उठवलेल्या. फ्रेमवर वेगळ्या. त्यात एक अक्षर असतं, एफ, बी किंवा ए. ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगानं मारली तरी टिकतो तो एफ. १२० मीटरला टिकतो तो बी, १९० ला ए. चष्म्यासारखा गॉगल असेल तर एफच्या वर जात नाही. बी हवा तर चारी बाजूंनी बंद असलेला गॉगल घ्यावा लागतो, आणि ए म्हणजे तोंडावरची फेस शील्ड. अमेरिकन माल असेल तर 'झेड ८७ प्लस' ही खूण शोधायची, त्यातला प्लस महत्त्वाचा. आता हिशोब करा. चार इंची चाक मिनिटाला ११,००० फेरे घेतं. म्हणजे त्याची कड सेकंदाला ५७ मीटरच्या पुढं पळते, ताशी दोनशे किलोमीटर. चाकाचा तुकडा उडाला तर चष्मा-गॉगल खरा असूनही कमी पडू शकतो. म्हणून कटिंगला आमच्याकडं आता बंद गॉगल आणि त्यावर फेस शील्ड. नुसती शील्ड नाही, कारण ती खालून उघडी असते आणि कण हनुवटीकडून वर येतो.

गॉगल असा निघाल्यावर बुटावर विश्वास कोण ठेवणार? एक बूट घेऊन त्याच फाउंड्रीच्या सेफ्टी ऑफिसरकडं गेलो. भला माणूस. त्यांनी ड्रॉवरमधून लोहचुंबक काढलं आणि बुटाच्या चवड्यावर धरलं. चिकटलं नाही. मी म्हणालो, झालं, खोटा. ते म्हणाले, थांबा, तेवढ्यानं ठरत नाही, कंपोझिट टो, म्हणजे चवड्यात लोखंडाऐवजी दुसरं मजबूत मटेरियल असलेले चांगले बूटही येतात आणि त्यांनाही चुंबक चिकटत नाही. मग त्यांनी शिक्का बघितला. आयएसआय खुणेच्या वर आयएस क्रमांक पाहिजे, सेफ्टी बुटाला आयएस १५२९८, आणि खाली सीएम/एल लिहून लायसन्स नंबर. माझ्या बुटावर नंबर होता. त्यांनी मोबाइलवर आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेचं, बीआयएसचं, 'बीआयएस केअर' ॲप उघडलं, नंबर टाकला. लायसन्स खरं निघालं. फक्त ते बुटाचं नव्हतं, विजेच्या वायरचं होतं! दुसऱ्या कुणाच्या वायरवरचा नंबर उचलून माझ्या पायात घातला होता. ऑफिसर दोन मिनिटं काही बोलले नाहीत, कारण हे आठ बूट त्यांच्याच गेटमधून आत गेले होते.

परत येऊन बूट उभा कापला, ग्राइंडरनंच. चवड्यात काळं पातळ प्लॅस्टिक निघालं, पाण्याच्या ड्रमच्या झाकणासारखं, अंगठ्यानं दाबलं की दबणारं. या मानकातल्या बुटाचा चवडा २०० जूलचा मार सोसायला पाहिजे, म्हणजे २० किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी आतली बोटं वाचली पाहिजेत. आमच्याकडं लोखंडी चॅनेल पडतात ते त्याहून जड असतात.

हातमोज्यांवर 'ईएन ३८८' हे हातमोज्यांचं युरोपियन मानक आणि खाली ४५४३ असे आकडे. दुसरा आकडा कापण्याचा, आणि तो जास्तीत जास्त ५ असतो. म्हणजे खोक्यावर तरी पैकीच्या पैकी मार्क. मी टेबलावर मोजा ठेवून साध्या कटरचं पातं हलक्या हातानं ओढलं, तर बनियन फाटावं तसा उघडला. मामांना त्याचं फार काही वाटलं नाही. ते ड्रिलवर हातमोजे घालूच देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. फिरत्या बिटात मोज्याचा धागा गुंतला की मोज्याबरोबर बोट जातं, मग मोजा खरा असो की खोटा.

मास्कवर 'एन ९५' छापलेलं, आणि दोऱ्या कानात अडकवायच्या. अमेरिकेची मान्यता असलेला खरा एन ९५ डोक्यामागं दोन पट्ट्यांनी बसतो आणि त्यावर टीसी-८४ए ने सुरू होणारा नंबर असतो. आपल्याकडचा बघायचा तर आयएस ९४७३ हा क्रमांक आणि एफएफपी २ ही खूण. इअर प्लग तेवढे खरे निघाले. स्पंजच्या दोन बोंडांत फसवायला जागाच नसते.

सगळ्यात जास्त राग आला तो फुकटच्या चाकांचा. कटिंग व्हीलच्या मधल्या भोकाला पत्र्याची रिंग असते, तिच्यावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ही चाकं रेझिन नावाच्या राळेनं बांधलेली असतात. दमट हवेत, जुनी झाली की बांधणी कमजोर होते, म्हणून साधारण तीन वर्षांची मुदत देतात. पंधरा वर्षं चाकं लावतोय, रिंग कधी वाचली नव्हती. उरलेल्या चाकांवरची रिंग बघितली तर तारखेच्या जागी कानस मारलेली. एकावर नीट मारायची राहिली होती, त्यावर साल दिसलं. मुदत संपून चार वर्षं झाली होती.

दुकानदाराकडं गेलो. आवाज न चढवता बोलला, हे मात्र मानलं पाहिजे. "लॉट खराब आला असेल दादा. सगळा माल परत आणा, बदलून देतो." मी म्हटलं, पोराच्या टाक्यांचं काय? "चाक कसं लावलं होतं? गार्ड होता का?" मी गप्प. त्याला माझी नस बरोबर सापडली. बिलाचं काढलं तर म्हणाला, बिल तुम्हालाच नको होतं. तेही खरंच होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावला. पहिला प्रश्न, बिल आहे का? ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरत नाहीत. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर सूट आहे. आठ माणसांना कामाला लावणारा तू त्यात बसतोस का यावर वाद होईल, आणि वाद घालायला हातात कागद पाहिजे. माझ्या हातात चिठ्ठी होती, तीही बिननावाची. शेवटी बीआयएस केअरमध्येच तक्रारीची सोय आहे, तिथं बुटाच्या शिक्क्याचे, नंबरचे आणि कापलेल्या चवड्याचे फोटो टाकले. शिक्क्याचा गैरवापर हा गुन्हा आहे आणि त्या तक्रारीसाठी बिल आड आलं नाही. पुढं काय होतं ते बघू.

माल बदलून घेतला नाही. परत दिला असता तर तो तसाच पुढच्या कुणाच्या पायात गेला असता. उरलेले सात गॉगल मामांनी एकेक करून व्हाइसमध्ये आवळले, पोरांना समोर उभं करून. प्रत्येक गॉगलचा कडकन आवाज यायचा आणि पोरं एक पाऊल मागं सरकायची. नवे सेट नेहमीच्या दुकानातून आणले, पक्क्या बिलावर, आणि बिलाचा फोटो काढून ठेवला. गार्डचा डबा रिकामा केला. दोन गार्डचे स्क्रू सापडले नाहीत, ते ग्राइंडर तसेच फळीवर पडून आहेत.

पोरगा दहाव्या दिवशी कामावर आला. नवा गॉगल हातात घेतला, खोकं बाजूला टाकलं आणि काच उजेडाकडं धरून कोपऱ्यातलं अक्षर शोधत बसला. मला म्हणाला, "मालक, हे बी आहे का आठ?" मी चष्मा शोधायला गेलो.