मॅक मिनी की मॅकबुक एअर? गुरुवारी लाईट जाणाऱ्या गावातला हिशोब

अ‍ॅपलची एम-फोर चिप आल्यापासून ओळखीतले लोक एकच प्रश्न विचारतायत, मिनी घेऊ का एअर. मिनी म्हणजे स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी काहीच नसलेला टेबलावरचा छोटा डबा, आणि एअर म्हणजे लॅपटॉप. प्रश्न रास्त आहे. चिप तीच, रॅम 16 जीबी, स्टोरेज 256 जीबी, आणि किमतीत मात्र सरळ चाळीस हजारांचं अंतर. लाँचच्या वेळी मिनी 59,900 ला आला आणि तेरा इंची एअर 99,900 ला, कॉलेजवाल्यांच्या सवलतीत 49,900 आणि 89,900, म्हणजे तिथेही चाळीसच. बेसच्या एअरमध्ये ग्राफिक्सचे दोन कोर कमी आहेत पण ते कळायला तुम्हाला मुद्दाम शोधावं लागेल.

मी एअर घेतलाय हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली वाचताना तुम्हाला वाटेल हा माणूस तटस्थ आहे. मिनी माझ्या मित्राकडे आहे, सदाशिव पेठेत. आम्ही दोघं मिळून व्याख्यानं, कीर्तनं, घरगुती मैफली असल्या रेकॉर्डिंगचं एडिटिंग करतो, आणि माझं मशीन ठरत नव्हतं तोवर मी त्याच्याच मिनीवर बसत होतो. त्यामुळे दोन्हीची बऱ्यापैकी सवय आहे. बेंचमार्कचे आकडे माझ्याकडे नाहीत, ते हवे असतील तर यूट्यूबवर ढीग पडलाय.

सॉफ्टवेअरवरून निवड करायचीच नाहीये, कारण फरक शून्य. दोन्हीवर मॅकची 2025 ची टाहो ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, तीच काचेरी लिक्विड ग्लासवाली डिझाइन, दोन्हीवर सगळी अ‍ॅप्स एकत्र दाखवणारं लाँचपॅड गायब. अ‍ॅपल इंटेलिजन्स, म्हणजे कंपनीच्या एआयचा गाजावाजाही दोन्हीवर सारखाच, आणि 2025 च्या टाहोपर्यंत त्यात मराठी नाही, तेव्हा आमच्या कामाला त्याचा उपयोग जेमतेम. त्यातून एक फायदा मात्र सगळ्यांचा झाला, या एआयला मेमरी लागते म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये तेव्हाच्या सगळ्या मॅकची सुरुवातच 16 जीबीने झाली, आधी आठवर भागवायला सांगायचे.

जाता जाता, कुणी ओएलएक्सवर स्वस्तात इंटेलचा मॅक दाखवून भुलवत असेल तर जाऊ नका. इंटेलसाठी टाहो शेवटचं, आणि तेही मोजक्याच मॉडेलना मिळालं, 2018 चा मिनी आणि 2020 चा इंटेल एअर दोघंही त्यात नाहीत. आणि टॅलीवर दुकानाचा हिशोब ठेवत असाल तर हे दोन्ही विसरा, टॅली मॅकवर थेट चालत नाही आणि मॅकवर विंडोज टाकायची बूट कॅम्प ही सोयही नव्या चिपवर नाही. विंडोजच घ्या, सुखी राहा.

आता पैशाचं. मिनीच्या डब्यात मिनी आणि वायर, बास. ज्याच्या घरी चांगला मॉनिटर, कीबोर्ड, माउस आधीपासून आहे त्याच्यासाठी साठ हजारांत एवढं मशीन मिळणं म्हणजे खरंच कमाल आहे, यात वाद नाही. पण इथे "चांगला मॉनिटर" हे शब्द नीट वाचा. मित्राकडे आधीचा 24 इंची फुल एचडी होता, विंडोजवर ठीक दिसायचा, मिनीला जोडला आणि अक्षरं पुसट. मॅकने 2018 च्या मोहावी या आवृत्तीपासून कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर अक्षरं धारदार दाखवायची जुनी युक्ती डीफॉल्टमधून काढून टाकली, म्हणजे आता त्याला दाट पिक्सेलवालीच स्क्रीन लागते. इंग्रजीत एवढं जाणवत नाही हो, पण आम्ही व्हिडिओखाली मराठी ओळी टाकतो, कीर्तनातले अभंग म्हणजे जोडाक्षरांची जत्रा, आणि त्यात रफार आहे का अनुस्वार हे बघायला नाक स्क्रीनला लावावं लागायचं. शेवटी त्याने 27 इंची फोर-के घेतला. मग लक्षात आलं की मिनीला कॅमेरा नाही, ते आयफोन वेबकॅम म्हणून लावून भागलं. मग कळलं माइकही नाही! स्पीकर आहे, नावापुरता, माइक नाहीच. माइक असलेला वायरवाला हेडफोन लावला की काम होतं पण ऐन क्लायंटच्या कॉलला हे कळलं तर धावपळ होते.

हे सगळं जोडलं की चाळीस हजारांतले निम्म्याहून जास्त तिथेच उडतात. तरी मोठी स्क्रीन मिळते, मान वाकत नाही, हे मिनीच्या बाजूने धराच. एअरची तेरा इंची स्क्रीन सुंदर आहे, अक्षरं कोरल्यासारखी दिसतात, पण टाइमलाइन लांब झाली की चिंचोळी वाटते, आणि मी पण पुढे-मागे एक मॉनिटर घेणारच आहे.

उष्णतेत मिनी जिंकतो, सरळ जिंकतो. त्याला पंखा आहे, एअरला नाही. एअर सलग दमला की स्वतःहून वेग कमी करतो, डिझाइनच तसं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पुण्यातली एप्रिल-मेची दुपार, गच्चीखालचा मजला, आणि दोन तासांच्या व्याख्यानाचा एक्स्पोर्ट, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर मिनीचं काम आधी होतं हे मी मान्य करतो. मी तसले एक्स्पोर्ट रात्री लावतो आणि झोपतो. रोज तासन्‌तास रेंडर करणाऱ्याने माझं ऐकू नये.

बरं, आता ज्या गोष्टीने माझा निकाल लागला ती. लाईट.

बाहेरगावच्यांना सांगतो, पुण्यात गुरुवार हा देखभालीचा वार. पिंपरी-भोसरीकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून दुरुस्तीची कामंही गुरुवारी काढतात असं म्हणतात. आदल्या दिवशी मेसेज येतो, कधी येतही नाही. दर गुरुवारी जाते असं नाही पण गेली तर सकाळी जाते आणि दुपारी कधी येईल ते चहावाल्यालाही सांगता येत नाही. ठरवून गेलेल्या लाईटचं एक वेळ ठीक आहे, माणूस त्या दिवशी दुसरं काम काढतो. खरा छळ आहे तो न ठरवता जाणाऱ्या लाईटचा, पावसाळ्यात कुठे फांदी पडली की चार सेकंद जाते आणि येते, परत जाते. ट्यूबलाईटला काही नाही, फ्रिजला काही नाही, मिनी मात्र बंद.

मित्र म्हणाला, "अरे घरात इन्व्हर्टर आहे की!" आहे ना, पण इन्व्हर्टर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर गचके खातो. बऱ्याच इन्व्हर्टरला एक बारीक स्विच असतो, एकीकडे इको आणि दुसरीकडे यूपीएस, तो यूपीएसकडे करून ठेवला तर हा क्षण बराच लहान होतो. आम्ही केला. बऱ्याचदा निभावलं, एखाद्या वेळी नाही निभावलं, आणि ती एखादी वेळ कुठली असणार हे माहीत नसल्यामुळे मी दर दोन मिनिटांनी सेव्ह करायला कमांड-एस दाबत बसायचो. वाकड-बाणेरकडच्या सोसायट्यांत राहणारे म्हणतील आमच्याकडे जनरेटर आहे. तुमचा जनरेटर धडधडत सुरू होईपर्यंत काही सेकंद जातातच की, तेवढे मिनीला पुरेसे आहेत.

आता कुणी म्हणेल फायनल कट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आपोआप सेव्ह करतं, मग अडचण काय. एडिट वाचतं, हो. अर्धवट झालेला एक्स्पोर्ट वाचत नाही. आणि दुसरं म्हणजे 256 मध्ये व्हिडिओचं काम मावतच नाही, तिथे 512 ला कंपनीने लाँचच्या वेळी वीस हजार जास्त लावले, म्हणून आपण सगळेच बाहेरची एसएसडी लावतो. लाईट गेली की मिनीबरोबर ती एसएसडीपण धाडकन बंद पडते. ती जर एक्सफॅटवर फॉरमॅट केलेली असेल (विंडोजवाल्या क्लायंटसाठी आपण तसंच करतो) तर फाइली बिघडायचा धोका जास्त, कारण अर्धवट लिहिलेलं सावरायची सोय त्यात नाही. कामाची एसएसडी एपीएफएसवर, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या फॉरमॅटवर ठेवा आणि क्लायंटला द्यायची वेगळी. हे एअरवाल्यांनाही लागू आहे, फक्त एअरला लाईट गेल्याचं कळतच नाही, एसएसडी त्याच्या बॅटरीवर चालू राहते.

मिनीवर अन्याय नको म्हणून सांगतो, तो वीज फारच कमी खातो. निवांत असताना चार वॉटच्या आसपास, आणि कंपनीने सांगितलेला जास्तीत जास्त आकडा 65 वॉट. त्यामुळे साध्या छोट्या यूपीएसवरही तो आरामात तग धरतो. यूपीएसचा जीव खातो मॉनिटर. शिवाय यूपीएसची लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते, ती मेलीय हे लाईट गेल्यावरच कळतं. आणि ते पीं पीं! लाईट गेली की यूपीएस ओरडायला लागतो, आम्ही ऑडिओचं काम करणारी माणसं, कानाला हेडफोन, गायकाचा खालचा षड्ज ऐकतोय आणि टेबलाखालून हा कोंबडा. काहींचा आवाज बटण दाबून बंद होतो, मित्राच्या यूपीएसचा होत नाही.

तर मी मनाशी म्हटलं, मिनी, मॉनिटर, यूपीएस, त्याची बॅटरी, हेडफोनचा माइक, एवढं सांभाळत बसण्यापेक्षा ज्याच्या पोटातच बॅटरी आहे ते मशीन घ्यावं. घेतलं. गुरुवारी सकाळी लाईट जाते, मी काम करत असतो, दुपारी कधीतरी पंखा फिरायला लागतो तेव्हा कळतं की आली. एडिटिंग चालू असताना बॅटरी कंपनी सांगते तेवढी टिकत नाहीच, पण दुपारच्या जेवणापर्यंत मला चार्जर शोधावा लागत नाही. वायफायचा राउटर मात्र बंद पडतो, त्याला बारा व्होल्टचा छोटा डबीएवढा बॅकअप मिळतो तो घ्या, नाहीतर फोनचं हॉटस्पॉट.

मित्राला हे पटत नाही हं. त्याचं म्हणणं, यूपीएस एकदा घेतला की विषय संपला, एवढ्यासाठी कोण चाळीस हजार घालतं. त्याच्या जागी तो बरोबरच असेल. तो घर सोडून काम करायला कुठे जात नाही, टेबल ठरलेलं, खुर्ची ठरलेली, चहाची वेळही ठरलेली. मी टिळक स्मारकला किंवा भरत नाट्यला कार्यक्रम रेकॉर्ड करायला गेलो की तिथेच विंगेत बसून कार्ड कॉपी करून घेतो, आयोजकांना एक तुकडा लगेच दाखवता येतो. एसडी कार्डची खाच दोघांनाही नाही, डोंगल दोघांनाही लागतं. मिनीला निदान पुढे दोन आणि मागे तीन यूएसबी-सी पोर्ट आहेत, एअरला चार्जिंगचं वेगळं सोडलं तर दोनच, आणि दोन्ही एकाच बाजूला. ही गोष्ट मला रोज खटकते पण सवय होते.

मिनीचं बटण खाली आहे म्हणून लोक केवढी चर्चा करतात, त्याकडे लक्ष देऊ नका. बटण दाबायची वेळ येत नाही. सेटिंग्जमध्ये एनर्जीत जाऊन वीज गेल्यानंतर आपोआप सुरू व्हायचं सेटिंग चालू करून ठेवा, पुण्यात तर पहिल्याच दिवशी करा.

घ्यायच्या आधी दोन्ही हाताळायचे असतील तर सप्टेंबर 2025 पासून कोरेगाव पार्कात कोपा मॉलमध्ये कंपनीचं स्वतःचं दुकान आहे, तिथे कुणी मागे लागत नाही, अर्धा तास खेळत बसा. फक्त तिथे मिनी भारी मॉनिटरला जोडलेला दिसेल, तुमच्या घरचा मॉनिटर डोळ्यांसमोर आणून बघा. विकत घेताना मात्र दोन-चार दुकानांत कार्डाच्या ऑफर विचारा, दिवाळीच्या आसपास एअर बऱ्यापैकी खाली येतो आणि ते चाळीस हजारांचं अंतर तेवढं राहत नाही.

आणि एवढं वाचूनही मिनीच घेणार असाल, घ्या, मशीन उत्तमच आहे, तर यूपीएस पुण्याच्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून घेताना दुकानदाराला आधी आवाज बंद करायचं बटण दाखवायला सांगा. घरी आणल्यावर मागचे सॉकेट नीट बघा, सगळ्यांना बॅकअप असतोच असं नाही, एखादा नुसता झटक्यापासून वाचवणारा असतो. मिनी आणि मॉनिटर बॅकअपवाल्यात लावा, राउटरलाही त्यातच जागा ठेवा, आणि इस्त्री कुणी त्यात खुपसू नये म्हणून वर चिकटपट्टी लावून ठेवा.