जर्मेनियम की सिलिकॉन? क्रिस्टल रेडिओसाठी डायोड निवडताना

क्रिस्टल रेडिओ बनवताना बहुतेकांचं घोडं डायोडपाशी, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागापाशी, अडतं. आकृतीत असतो १एन३४ए, दुकानात सहज मिळतो १एन४१४८. पहिला जर्मेनियमचा, दुसरा सिलिकॉनचा.

या रेडिओसाठी जर्मेनियमच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. इथे बॅटरी नसते, एरियल पकडेल तेवढ्याच विजेवर सगळा खेळ. सिलिकॉनचा डायोड नीट वाहू लागायला साधारण ०.६ व्होल्ट लागतात, जर्मेनियमला ०.२ ते ०.३ पुरतात. केंद्र लांबचं असेल तर सिलिकॉन लावून हेडफोनमध्ये बहुधा काहीच येणार नाही. सिलिकॉनच हाताशी असेल, तर दीड व्होल्टचा सेल आणि मोठ्या किमतीचा रेझिस्टर जोडून त्याला आधीच थोडा विद्युतदाब देता येतो. चालतं ते, पण बिनबॅटरीच्या रेडिओची मजा गेली.

मग बाकी सगळीकडे सिलिकॉन का? ऊर्जा-पट्ट्यांतला फरक, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, जर्मेनियमचा ०.६७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सिलिकॉनचा १.१२. फरक कमी म्हणून डायोड लवकर वाहतो, आणि त्याच कारणाने उलट्या दिशेलाही गळतो, उन्हाळ्यात जास्तच. १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये बनलेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचाच होता. पण सिलिकॉन दीडशे अंशांच्या आसपासही टिकतं आणि त्याच्यावर ऑक्साइडचा पक्का, विद्युतरोधक थर बसतो. जर्मेनियमचं ऑक्साइड पाण्यात विरघळतं. चिपच्या धंद्यात हा फरक निर्णायक ठरला. त्यामुळे पॉवर सप्लाय, चार्जर, डिजिटल सर्किट यांसाठी जर्मेनियमचा विचारही करू नका.

तिसरा पर्याय शॉटकी, म्हणजे धातू आणि सिलिकॉन यांच्या जोडावर बनलेला, कमी व्होल्टला वाहणारा डायोड. बॅट८५ सारखा छोटा शॉटकी स्वस्त असतो, जवळच्या केंद्राला छान चालतो. १एन५८१९ मात्र टाळा. त्याची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जास्त, ट्यूनिंग बिघडतं.

खरेदीत सावध राहा, कारण जर्मेनियम म्हणून शॉटकी किंवा सिलिकॉन सर्रास खपवले जातात. १एन३४ए च्या काचेतून आत बारीक वाकडी तार दिसायला हवी. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर ०.६ च्या आसपास आकडा आला तर तो सिलिकॉन, परत द्या. शॉटकीही कमी आकडा दाखवतो, तेव्हा काचेत डोकावल्याशिवाय पैसे देऊ नका.

सोल्डर करताना डायोडचा पाय काचेजवळ पक्कडीने धरा, उष्णता आत जाऊ देऊ नका. सिलिकॉन हे सोसतं, जर्मेनियम सोसत नाही.