हुईझोंगच्या क्रौंचांची कॅनव्हास प्रिंट: आभाळ उत्तम, छप्पर कापलेलं

चीनच्या सोंग घराण्यातला सम्राट हुईझोंग, त्याच्या क्रौंचचित्राची प्रिंट भिंतीवर लावून आता अख्खा पावसाळा निघाला. आली तेव्हा पाच तारे दिले होते, आज तीनवर आणतोय. कारण एकच, छप्पर.

चित्र बहुतेकांना माहीत असेल. १११२ साली चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात राजधानी काईफंगमधल्या राजवाड्याच्या मुख्य दरवाजावर क्रौंचांचा थवा आला, तो प्रसंग. अठरा उडताहेत, दोन आढ्याच्या दोन टोकांवर उभे. दरवाजा दिसतच नाही. तळाशी ढगांतून वर आलेलं छप्पर आणि बाकी सगळं आभाळ, म्हणजे अख्खी वास्तू त्या एका पट्ट्यात. मूळ रेशमी पट ५१ सेंटिमीटर उंच. विक्रेत्याने नेमक्या त्याच मापात छापलं आणि चारी बाजूंनी दीड-दीड इंच चौकटीवर दुमडून पिना मारल्या. वरचं थोडं आभाळ गेलं, ते चालेल. पण खाली कौलांच्या ओळी गेल्या, त्यांना वेढणारे ढग गेले आणि आढं थेट कडेला येऊन टेकलं. पट्टी लावून आखल्यासारखं ते ताठ छप्पर खाली आहे म्हणून तर वरचे पंख इतके मोकळे वाटतात!

तक्रार केली तर उत्तर आलं, "सर, पक्षी तर सगळे आलेत ना?" वर, ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल परत घेत नाही म्हणे. २,६०० रुपये मोजून हे ऐकायचं? तो दरवाजा सम्राटाच्या स्वतःच्या घराचा होता. पंधराच वर्षांनी, ११२७ मध्ये, उत्तरेकडच्या जिन राज्याच्या सैन्याने शहर घेतलं, त्याला कैद करून उत्तरेला नेलं आणि ११३५ मध्ये तो कैदेतच वारला. त्या छपराचे चार बोटं कापून "पक्षी आलेत" म्हणणं मला सहन होत नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्या काकांनी पिना काढून कॅनव्हास सपाट केला आणि मोठ्या चौकटीवर बसवून दिला. ९०० रुपये गेले, दुमडीची रेघ जवळून दिसते, पण कौलं परत आली. आणि तेव्हापासून रंगाबद्दलचं माझं मत वाढतच गेलंय. आभाळाचा तो हिरवट निळा जराही विटलेला नाही, क्रौंचांच्या डोक्यावरचा लाल ठिपका तसाच ताजा. दमट हवेत कॅनव्हास सैल पडला होता, कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या ठोकल्यावर ताणला गेला. बुरशी नाही.

डावीकडचा सम्राटाच्या हस्ताक्षरातला लेख मात्र प्रिंटमध्ये नाहीच. मूळ पट शेनयांगच्या लिआओनिंग प्रांतिक संग्रहालयात आहे, त्यात तो आहे.

घेणार असाल तर चित्राबाहेर चारी बाजूंनी दोन इंच कोरा कॅनव्हास सोडायला सांगा, आणि तेही ऑर्डरमध्ये लेखी. जमल्यास न ताणलेली, गुंडाळीतली प्रिंटच मागवा आणि चौकट आपल्या फ्रेमवाल्याकडून करून घ्या.