विकतचा अँटिव्हायरस काढल्यानंतर: डिफेंडरवर काढलेले महिने

विंडोज ११ असलेल्या घरच्या लॅपटॉपवर वर्षभर विकतचा अँटिव्हायरस होता. मुदत संपली तेव्हा पुन्हा पैसे भरले नाहीत. तो पूर्ण काढून टाकला आणि विंडोजबरोबरच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसवर काम चालवलं. आता बरेच महिने झाले. लॅपटॉप एकच, वापरणारे मी, बायको, बाबा आणि कॉलेजात जाणारा मुलगा. माझं मत स्पष्ट आहे: घरच्या वापराला डिफेंडर पुरतो. विकतचा काढला की तो आपोआप सुरू होतो, तरी 'विंडोज सिक्युरिटी' उघडून एकदा खात्री करून घ्या.

खरी कसोटी पेन ड्राइव्हची. बाबा गणेश मंडळाच्या पावत्या छापायला दांडिया बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभर कोणाकोणाचे ड्राइव्ह लागत असतात. एकदा ड्राइव्ह घरी आला तो सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट घेऊनच. लॅपटॉपला लावल्यावर कोणी काही उघडायच्या आत डिफेंडरने व्हायरसची फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद जागेत, टाकली. मूळ फोल्डर फक्त लपवलेले होते, ते हिडन फाइल्स दाखवायचं सेटिंग चालू करून मिळाले. पावती पुस्तकाचा एक आकडाही गेला नाही.

मुलाच्या मित्राने क्रॅक केलेला गेम दिला होता. सोबतच्या सूचनांमध्ये पहिलीच ओळ: आधी अँटिव्हायरस बंद करा. जो प्रोग्राम असं सांगतो तो घरात येऊच द्यायचा नाही, मग राखणीला कोणताही अँटिव्हायरस असो. आता मुलाचं खातं साधं आहे, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड माझ्याकडे. काही इन्स्टॉल करायचं तर तो मला विचारतो. या एका बदलाचा जेवढा उपयोग झाला तेवढा विकतच्या पॅकेजमधल्या कुठल्याच सोयीचा झाला नव्हता.

डिफेंडरमध्ये उणिवा आहेत. पूर्ण स्कॅन चालू असताना पंखा जोरात फिरतो आणि बायकोचं टॅली रखडतं, म्हणून स्कॅन जेवणाच्या वेळी लावतो. इंटरनेट नसेल तर त्याची पकड थोडी ढिली पडते, कारण बरीच तपासणी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, होते. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून फोल्डर वाचवणारं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' मुद्दाम चालू करावं लागतं, आणि ते कधीकधी चांगल्या प्रोग्रामलाही अडवतं. परवानगी एकदा दिली की प्रश्न मिटतो.

विकतच्यांवर माझा राग नाही, पण अँटिव्हायरसला आपलं सगळं दिसतं हे विसरू नये. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. फुकट असो वा विकत, आधी कंपनी पारखा.

अपडेट मात्र टाळू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअरचा प्रकार जगभर पसरला, तेव्हा ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर नवा अँटिव्हायरस विकत घेऊन सिस्टीममधलं भोक बुजत नाही.

आणि जी भीती मला सर्वांत जास्त वाटते, तिच्यावर यांपैकी कशाचाच इलाज नाही. "वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कापू," असा फोन येतो आणि स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतात. ते ॲप मुळात कायदेशीर, त्यामुळे अँटिव्हायरस बहुधा त्याला हटकत नाही. आमच्याकडे ठरलंय की असा फोन आला तर बाबा "मुलाला विचारून सांगतो" म्हणून ठेवून देतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, म्हणून तो नंबर लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलाय.

अँटिव्हायरसच्या वाचलेल्या पैशात थोडी भर घालून एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली. दर रविवारी फोटो आणि टॅलीचा बॅकअप तिच्यावर घेतो आणि काम झालं की वायर काढून कपाटात ठेवतो. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालू शकतं.