शिकागोच्या थंडीत पॅटिओ कव्हर, एक सीझन वापरून

5 पैकी 3 स्टार. ऑक्टोबरमध्ये घेतलं, बॅकयार्डमधलं टेबल आणि 6 खुर्च्या झाकायला काहीतरी पाहिजेच होतं, गॅरेजमध्ये जागा नाही आणि घरात तुळस न कढीपत्त्याच्या कुंड्या आधीच येऊन बसल्यात (त्यांचा मान पहिला). कापड जाड आहे, वाऱ्यात फाटलं नाही. बाजूला जाळीच्या खिडक्या आहेत त्यामुळे आत ओल धरत नाही, आधी साधी ताडपत्री टाकायचो तेव्हा एप्रिलमध्ये उघडलं की बुरशीचा वास.

पण मधे झोळ पडतो राव! त्यात पाणी साचलं, रात्रीत गोठलं, सकाळी परातीएवढी बर्फाची चकती. शेवटी टेबलावर बादली उपडी ठेवून वरून कव्हर घातलं, आता तंबूसारखा उतार झालाय. कंपनीला एक दांडा द्यायला काय झालं होतं? बकल ग्लोव्हज घालून लागत नाहीत, त्यामुळे थंडी पडायच्या आतच उरका.

आणि हो, त्याच दिवशी बाहेरच्या नळाचा होजपण काढा, पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं, पाइप भिंतीच्या आत फुटतो आणि कळतं ते डायरेक्ट उन्हाळ्यात नळ सोडल्यावर.