कीबोर्डचा स्पीकर ‘कमकुवत’ ठरवून नवा गळ्यात मारतात, तो प्रकार नेमका कसा चालतो

सरावाच्या खोलीत ड्रम आणि गिटार सुरू झाले की कीबोर्ड ऐकू येत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक बँडची असते. फसवणारे इथूनच आत शिरतात. ‘स्पीकर कमी पडतोय, मोठा घ्या’ हे वाक्य पटकन पटतं, कारण आवाज खरंच कमी ऐकू येत असतो. पण बहुतेक वेळा स्पीकरमध्ये काही दोष नसतो, तो चुकीच्या जागी ठेवलेला असतो. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं आणि त्याचा सगळा खेळ त्यावरच चालतो.

खोलीत येऊन ‘फरक दाखवतो’ म्हणणाऱ्याकडे नीट लक्ष द्या. तुमचा जुना स्पीकर असतो तिथेच राहतो: जमिनीवर, कोपऱ्यात, वाजवणाऱ्याच्या पाठीमागे. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर फुगवतात, त्यामुळे डाव्या हाताचं सगळं घुमतं. वरचे स्वर सरळ रेषेत जातात. ते पोटऱ्यांवर आणि खुर्चीच्या पाठीवर आदळतात, कानापर्यंत पोहोचतच नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज बसलाय. मग नवा स्पीकर येतो. तो स्टँडवर, कानाच्या उंचीला, वाजवणाऱ्यापासून दीड मीटरवर आणि तोंड थेट त्याच्याकडे. शिवाय व्हॉल्यूम जरा जास्त. दोन आवाजांत 1-2 डेसिबलचा फरक असला, तरी मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो, मोठा आहे हे लक्षातही येत नाही. खरं तर इथे दोन जागांची तुलना झालेली असते, पण बिल स्पीकरचं फाडलं जातं.

जॅकची चलाखी याहून बारीक आहे. बहुतेक कीबोर्डच्या मागे डाव्या आउटपुटवर ‘एल/मोनो’ लिहिलेलं असतं. केबल फक्त तिथे लावली तर दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन येतो. तीच केबल एकटी ‘आर’मध्ये लावली तर फक्त उजवी बाजू येते. पियानोच्या स्टिरिओ आवाजात खालचे स्वर बहुधा डावीकडे झुकलेले असतात, त्यामुळे उजवी बाजू एकटी ऐकली की पियानो अर्धामुर्धा, पातळ वाटतो. जुना स्पीकर ‘आर’वर, नवा ‘एल/मोनो’वर, आणि केबल बदलताना कोणी वाकून पाहत नाही. तुम्ही वाका.

पैसे देण्याआधी त्या माणसाच्या समोरच एक चाचणी करा. अर्ध्या तासाचं काम आहे. दोन्ही स्पीकर एकाच जागी, एकाच उंचीवर, एकाच केबलने आळीपाळीने लावा. बसून वाजवत असाल तर हॉर्न (स्पीकरमधला वरचे स्वर देणारा भाग) जमिनीपासून सुमारे 1.2 मीटरवर, उभ्याने वाजवत असाल तर 1.5 मीटरच्या आसपास ठेवा. इक्वलायझर सपाट ठेवा, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारी बटणं मध्यावर. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप कानाच्या जागी धरून तोच कॉर्ड वाजवा आणि दोघांचा आकडा सारखा येईपर्यंत व्हॉल्यूम जुळवा. ॲपचा आकडा अचूक नसला तरी चालतो, तुलनेपुरता तो पुरतो. आता पूर्ण बँडसोबत एकच गाणं दोनदा वाजवा. एकट्या कीबोर्डवर निर्णय घेऊ नका. जाड, घुमणारा आवाज एकट्याने ऐकताना भारी वाटतो आणि बँडमध्ये तोच बेस गिटारखाली गाडला जातो.

जुना स्पीकर खरोखर बिघडलाय का, हे वेगळं तपासता येतं. कीबोर्डची टच सेन्सिटिव्हिटी बंद करा, म्हणजे प्रत्येक स्वर सारख्याच जोराने वाजेल. मधल्या ‘सी’च्या दोन सप्तकं खालून सुरुवात करून एकेक पट्टी सावकाश वर चढा. काही स्वर फुगतील, काही गायब होतील. ते लिहून ठेवा. स्पीकर 30 सेंटीमीटर सरकवा आणि पुन्हा वाजवा. फुगणारे आणि हरवणारे स्वर बदलले, तर ती करामत खोलीची आहे. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून 85 सेंटीमीटरवर असलं, की भिंतीवरून परतणारा आवाज 100 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला कापतो. त्या जागी कितीही महागडा स्पीकर ठेवला तरी तो खड्डा तसाच राहतो. मात्र कुठेही नेलं तरी तोच स्वर खरखरत असेल, तर दोष स्पीकरचा: सुटलेला स्क्रू, फाटलेला पडदा (कोन) किंवा घासणारी कॉइल. तेव्हासुद्धा आधी दुरुस्तीचं विचारा.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. ‘पीएमपीओ’ हा जाहिरातीतला क्षणभराच्या ताकदीचा आकडा वाट्टेल तसा फुगवता येतो, ‘पीक’ आकडाही सतत पेलवणाऱ्या वॅटपेक्षा बराच मोठा असतो. सतत पेलवणारे, म्हणजे आरएमएस किंवा ‘कंटिन्युअस’ वॅट विचारा. आणि हेही ध्यानात ठेवा की 100 वॅटचे 200 केले, तर बाकी सगळं तेच असताना जेमतेम 3 डेसिबल वाढतात. तेवढा फायदा स्पीकर थोडा जवळ आणून कानाकडे वळवला तरी मिळतो. गिटारचा ॲम्प ‘कीबोर्डलाही चालतो’ म्हणून कोणी देत असेल तर साफ नाही म्हणा. त्याचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झनंतर ढेपाळतो, पियानोची चमक तिथेच संपते.

विक्री झाल्यावर दुसरी फेरी येते ती फोमची. ‘खोली घुमते’ म्हणून अडीच सेंटीमीटर जाडीचे तुकडे भिंतभर चिकटवतात. तो फोम वरचे स्वर शोषतो, खालच्या गडगडाटाला हातही लावत नाही, त्यामुळे कीबोर्ड आणखीच मंद होतो. त्यात तो पॅकिंगचा स्वस्त फोम असेल तर आग भराभर पकडतो, आणि सरावाच्या खोलीला बहुधा एकच दार असतं.

जागा ठरवताना एवढं बघा: स्पीकर कोपऱ्यातून बाहेर, वाजवणाऱ्याच्या पुढे एका बाजूला, कानाकडे किंचित कललेला. गायकाचा माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज उचलणारा) असेल तर स्पीकरचा आवाज माइकच्या पाठीकडून यावा, कारण तिथून तो सगळ्यात कमी उचलतो. स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा डाव्या हाताच्या स्वरांनी झणझणत असतील तर स्पीकर ड्रमपासून दूर घ्या. तरीही खालच्या स्वरांत गर्दी वाटली, तर इक्वलायझरवर 100 हर्ट्झखालचं कमी करा, ती जागा बेसवाल्याची आहे.

एवढं करूनही नवा स्पीकर घ्यायचाच असेल, तर बिलावर मॉडेल, सिरियल नंबर, आरएमएस वॅट आणि परत करण्याची मुदत लिहून घ्या. चाचणीच्या वेळीच स्पीकरच्या मागे मॉडेल आणि नंबर लिहिलेला असतो त्याचा फोटो काढा. दाखवायला एक आणि पोहोचवायला दुसरा, हेही घडतं. आणि जुना स्पीकर त्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये देऊ नका. तो हातातून गेला की तुलना करायला काहीच उरत नाही, म्हणूनच तर विकणाऱ्याला तो उचलून न्यायची इतकी घाई असते.