ओएसटी केंद्र: गोळी चांगली, खिडकीची वेळ वाईट

ओएसटी म्हणजे हेरॉइनसारख्या नशेच्या जागी रोज देखरेखीत औषध देण्याचा उपचार. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नाको) एचआयव्ही कार्यक्रमातून चालणारी ही सेवा फुकट आहे आणि तिचा हेतू अगदी रोकडा आहे: गर्द (भेसळीचं हेरॉइन) सुटेल तेव्हा सुटेल, आधी सुई सुटू दे. त्यामुळे 35 दिवसांच्या निवासी केंद्राशी तिची तुलना करू नये. इथे कोणी कोंडून ठेवत नाही आणि शपथही घ्यायला लावत नाही. रोज यायचं, गोळी घ्यायची, कामाला जायचं.

गोळी ब्युप्रेनॉर्फिनची. ती 0.4 आणि 2 मिलिग्रॅममध्ये येते. नर्स ती चुरून जिभेखाली ठेवते. पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, पाणी प्यायचं नाही. गिळली की औषध यकृतातच बरंचसं वाया जातं आणि मग ‘गोळी लागतच नाही’ ही तक्रार सुरू होते. शेवटी तोंड उघडून दाखवावं लागतं. काहींना हे अपमानास्पद वाटतं, पण गालात दाबून बाहेर नेलेली गोळी विकली जाते किंवा टोचली जाते, म्हणून ही तपासणी.

सगळ्यात जास्त घोटाळा पहिल्या दिवशी होतो. शेवटचा गर्द घेऊन किमान 8 ते 12 तास झालेले हवेत आणि टर्की, म्हणजे नशा उतरल्यावरचा त्रास, दिसायला लागलेली हवी: जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागांना हेरॉइनपेक्षा घट्ट चिकटतं, पण असर अर्धवटच करतं. अंगात गर्द असताना घेतलं तर ते गर्दला हुसकावून लावतं आणि तासाभरात जोराची टर्की येते. असं झालेला माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही, वर वस्तीत सांगतो की गोळीनेच मारलं. डॉक्टरला खोटी वेळ सांगण्यात नुकसान आपलंच. पहिला डोस 2 ते 4 मिलिग्रॅम, त्यानंतर दोनेक तास तिथेच बसवून ठेवणारं केंद्र चांगलं समजावं.

दुसरी खोट डोसाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टिकवायचा सरासरी डोस दिवसाला किमान 8 मिलिग्रॅम हवा. तरी ‘जास्त दिलं तर याचंच व्यसन लागेल’ या धास्तीने 4 वरच अडकवणारे डॉक्टर भेटतात. संध्याकाळी अंग दुखायला लागलं, झोप उडाली, तर तो माणूस नाटकं करत नसतो, डोस कमी पडत असतो. ते स्पष्ट सांगून वाढवून मागावा. घाम आणि बद्धकोष्ठता होतेच. खरा धोका दारूचा आणि अल्प्राझोलामसारख्या गुंगीच्या गोळ्यांचा, म्हणजे मालेगावकडच्या ‘कुत्ता गोळी’चा. त्या सोबत घेतल्या तर श्वास मंदावतो.

आता गोळी देण्याच्या खिडकीच्या वेळेबद्दल. सकाळी नाक्यावर उभं राहणाऱ्याला दहानंतर उघडणारं केंद्र म्हणजे रोजची मजुरी की गोळी, असा सौदा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायला परवानगी मिळाली होती. स्थिरावलेल्या माणसांना ती कायम मिळायला हवी. पंजाबात नॅलॉक्सोन (हेरॉइनसारख्या नशेचा असर उतरवणारं औषध) मिसळलेली गोळी वापरतात. ती टोचली तर टर्की आणते, त्यामुळे घरी देण्याची भीती कमी होते. आपल्याकडेही यावर अडून बसण्यासारखं काही नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. योजना मुळात सुईवाल्यांसाठी आहे, आणि मुंबईत गर्द पन्नीवर ओढणारेही भरपूर. त्यांना आधी सुईपर्यंत जा म्हणायचं का? अशांनी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत विचारावं. राष्ट्रीय हेल्पलाइन 14446.

पोलिसांची भीती असेल तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम 64 अ वाचून ठेवावं. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला अल्प मात्रेच्या गुन्ह्यात ते खटल्यापासून संरक्षण देतं, पण उपचार पूर्ण केला नाही तर ते काढूनही घेता येतं. ओएसटी तर वर्षानुवर्षं चालते. ‘पूर्ण’ कधी झालं म्हणायचं, हे वकिलाला विचारूनच ठरवा.

गावी जायचं असेल तर आठवडाभर आधी सांगा, तिकडच्या केंद्राच्या नावे चिठ्ठी मिळू शकते. सलग पाच-सहा दिवस डोस चुकला तर जुना पूर्ण डोस लगेच मागू नका, पुन्हा कमीपासून चढवतात. आणि मधल्या दिवसांत गर्द घेतला असेल तर 8 ते 12 तासांचा हिशोब परत पहिल्यापासून.